शेरा

पहाटे पाचला झर्म्यात पोहोचते मी.
स्कूटरच्या पुढ्यात ताणकाटा, कुप्यांचा डबा
आणि छापील तक्ता: बारा आकडी बिल्ला, वेत, संध्याकाळ, सकाळ,
शेवटी बोटाएवढा एक रकाना, शेरा.
त्यात शक्यतो काही लिहू नये
असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

ज्याचा हा सगळा हिशेब, तो बैल
मी कधी पाहिला नाही.
घाटावरच्या कुठल्याशा केंद्रात वाढला,
तिथंच मेला, माझी नेमणूक व्हायच्या आधी.
त्यानं स्वतः थेंबभर दूध दिलं नाही, देणार कसं,
म्हणून त्याच्या लेकी शोधत हिंडायचं
केरीपासून म्हाऊसपर्यंत, महिन्यातून एकदा,
आणि एकेकीच्या बादलीतून
बाप तोलायचा.

सतरा लेकी.
एक वाळपईला इझाबेलबायच्या गोठ्यात,
धार काढण्याआधी ती तिच्या कपाळावर अंगठ्यानं खुरीस काढते.
एक काजूच्या बागेत, सदा गोचिडांनी भरलेली.
एक गेल्या पुरात म्हादईतून गेली;
तिच्या ओळीवर मी पट्टी ठेवून तिरकी रेघ मारली,
रेघ सरळ आली याचं तेव्हा बरं वाटलं होतं.
आणि एक इथं, धाकू झोरेच्या दारात.
चवथीला जन्मली म्हणून चवथी.
तक्त्यात तिचं नाव चारशे सातवर संपतं.

मी काटा शून्यावर आणते, बादलीसकट.
तीन किलो दोनशे.
पाड्याच्या तोंडाला फेस.
धाकू माझ्याकडे न बघता म्हणतो,
"अर्धो लिटर चड बरय गो बाय.
पाडो केंद्रान व्हेलो जाल्यार बरें जातलें."

मी त्याला सांगते, जसं मला सांगितलं होतं तसं:
इथं वाढवलेला अर्धा लिटर
कुणा तिसऱ्याच्या गोठ्यात,
अजून न जन्मलेल्या पाडीच्या आचळात कमी पडतो, मामा.
तो ऐकून घेतो. तंबाखू मळतो.
चवथीच्या पाठीवरची माशी हाकलतो.
मग विचारतो, "आनी पाड्यान पियेलां तें?
तें खंयच्या गोठ्यान पडटा?"

कुपीत गुलाबी गोळी विरघळत होती.
मी ती उगाच पुन्हा हलवली.

श्रावणात निकाल आला.
उणे एकशे बारा किलो,
विश्वासार्हता शेकडा एकसष्ट.
उरलेले एकोणचाळीस कुठे राहतात
हे मी साहेबांना विचारलं नाही.
कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर त्याच्या कांड्या ओतल्या,
वाफ पायांवरून घरंगळली,
कांड्या तडतडल्या, गप्प झाल्या.
उणे एकशे शहाण्णवात इतकी वर्षं टिकला,
उणे एकशे बारानं संपला.
शिपायानं झाडू मारला.
निळ्या कांड्या, सुपारीच्या झावळ्या, एकच ढीग.

तरीही चवथीच्या तीन नोंदी बाकी होत्या.
बाप बाद झाला म्हणून लेकीचं वेत थांबत नाही.
पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गेले,
तर तिच्या गळ्यात अजून झेंडूची माळ,
शिंगांना गेरू, पिवळ्या बिल्ल्यावरही गेरूचं बोट,
चारशे सात वाचता येईना.
धाकूनं बिल्ला पुसायला फडकं पुढं केलं.
राहू दे, म्हटलं. ओळखते मी तिला.

दोन किलो नऊशे.
अरुंद रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं:
वासरू आधी प्यालं. किती, माहीत नाही.
हे संगणकात चढत नाही, मला ठाऊक आहे;
तिकडे हा रकानाच नाही.

सामान आवरत होते तेवढ्यात पाडा आला
आणि रिकाम्या ताणकाट्याचा आकडा
दुधाचा वास येतो म्हणून चाटू लागला.
काटा शून्यावरून हलला,
थरथरला,
मी वाचायच्या आत परत आला.